पटाशी निसटली

“या सात फळ्यांना खिळे मारायचे नाहीत,” असं कारभारी कुमागायांनी सांगितलं, तेव्हा मंडपाच्या फळ्या ठोकणाऱ्या सुतार गेम्पाचीनं तोंडात चार खिळे धरलेले होते. त्यानं ते एकेक करून तळहातावर काढून घेतले.

“चालणाऱ्याचा पाय अडखळेल, सरकार.”

“त्या पडद्याच्या मागे आहेत. तिथे कुणी चालणार नाही. खालून ढकलल्या की मात्र उचलल्या पाहिजेत. आवाज न होता.”

जमिनीपासून छातीइतकं उंच जोतं कशासाठी, ते गेम्पाचीला आता कळलं. कुरिहामाच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं त्यानं होड्यांसाठी खोपटी आणि देवळांची छपरं बांधली होती. माणसं लपवायला तळघर कधी बांधलं नव्हतं.

पाच दिवसांपासून परक्यांची चार काळी जहाजं समुद्रात उभी होती. त्यांतली दोन तर वाऱ्यावाचून चालत, धूर सोडत. तोफांची तोंडं गावाकडे होती. त्यांच्या राजाचं पत्र घ्या, बंदरं व्यापाराला उघडा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी राजधानी एदोहून हुकूम आला की पत्र घ्यावं, आणि पत्र घेण्याचा मंडप दोन दिवसांत इथे उभा राहावा.

गावातली बायकामुलं डोंगरावर गेली होती. गेम्पाचीची मुलगी ओशिनो तान्ह्या लेकराला घेऊन घरीच बसली होती. “तुम्हीच बांधताय ना पाहुण्यांचं घर? मग आबा, भ्यायचं कशाला?” असं ती म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना. तांदूळ बांधून घे, वरच्या देवळात जा आणि मी न्यायला येईपर्यंत उतरू नकोस, एवढंच तो म्हणाला.

पत्राच्या दिवशी पहाटेच दहा तलवारबहाद्दर फळ्यांखाली उतरले. खूण ठरली होती. परक्यांनी दगा केला तर कुमागायांनी पाय तीनदा आपटायचा. सगळ्यांत शेवटी उतरला तो सेगावा, चाळिशीचा, शांत माणूस. जाताना गेम्पाचीला म्हणाला, “घर झकास बांधलंस, मिस्त्री. खिडकी तेवढी विसरलास.”

नवं लाकूड उन्हानं आकसतं, फळी वर आली तर दाबायला कुणीतरी हवा, म्हणून गेम्पाचीला पडद्यामागेच बसवलं. पडद्यापलीकडे एदोचे सरदार ताठ बसले होते. कुणी खोकतही नव्हतं.

तेवढ्यात जहाजावरून तोफ धडाडली. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही वेळा फळ्या हादरल्या.

पडद्याच्या कडेनं गेम्पाचीला दिसलं: परक्यांचा सेनापती होडीत उतरत होता, म्हणून ती सलामी होती, आणि ती पुढेही चालूच राहिली. पण खालच्या अंधारात तीन धक्के पोचले होते. गेम्पाचीच्या डोळ्यांसमोर मधली फळी बोटभर उचलली गेली. दहा माणसं आता बाहेर पडली, तर किनाऱ्यावर बंदुका घेऊन उभ्या असलेल्या तीनशे खलाशांच्या अंगावर जाणार, आणि तासाभरात गाव जळणार. ओरडावं, तर पडद्यापलीकडे ऐकू जाणार. त्यानं दोन्ही हात फळीवर टेकले आणि सगळ्या अंगाचा भार टाकला.

फटीतून पातं वर आलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं आणि आडवं फिरलं. गेम्पाचीनं हात काढला नाही. रक्त फटीतून खाली ठिबकत राहिलं. त्यानं ओठ फटीला लावले.

“सलामी आहे, धनी. सलामीच आहे.”

बऱ्याच वेळानं पातं खाली गेलं.

मग बुटांचे आवाज आले. पत्राच्या पेट्या ठेवल्याचा आवाज आला. सारं अर्ध्या घटकेत आटोपलं. दुभाष्याच्या बोलण्यातलं एकच वाक्य गेम्पाचीच्या कानी पडलं: उत्तर घ्यायला आम्ही वसंतात पुन्हा येऊ, आणि जास्त जहाजं आणू.

परके गेल्यावर फळ्या निघाल्या. सेगावाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त सुकलं होतं. कुमागायांनी त्याचा चेहरा पाहिला, मग गेम्पाचीचा हात. हुकमावाचून तलवार उपसणाऱ्याला स्वतःचं पोट चिरावं लागे. सेगावानं आधीच गुडघे टेकले होते आणि तो बोलणार होता.

“पटाशी निसटली, सरकार,” गेम्पाची म्हणाला. “फळी दाबायला गेलो. म्हाताऱ्याचा हात.”

कुमागायांनी वाकून फटीवरचं रक्त पाहिलं.

“म्हातारा झालासच,” ते म्हणाले. “आणि इथे तळघर नव्हतं. समजलं?”

ते गेल्यावर सेगावानं डोक्याची पट्टी सोडून त्याच्या हाताला बांधली. एकदा गाठ सैल झाली, ती त्यानं पुन्हा मारली.

दोन दिवसांत मंडप मोडून टाकला. जखम भरली, पण अंगठा वळेना. पाहुणे बघायच्या नादात गेम्पाचीनं स्वतःचा हात कापून घेतला, अशी गोष्ट गावभर झाली. ओशिनोलाही त्यानं तीच सांगितली.

वसंत लागण्याआधीच जहाजं परतली, चाराची सात होऊन. दुसऱ्या किनाऱ्यावर नवा मंडप बांधायचा ठरला, सुतारांना बोलावणं आलं. यादीत गेम्पाचीचं नाव नव्हतं. निघालेल्या सुतारांपैकी यासाकू त्याच्या दारात थांबून म्हणाला, “मामा, येता का? पटाशी दोरीनं बांधून देतो.” सगळे हसले. गेम्पाचीही हसला आणि त्यांना पुलापर्यंत पोचवून आला.

परत येऊन त्यानं अंगणात फळी मांडली आणि रंधा डाव्या हातात धरला. लाकडाचा पापुद्रा वीतभर निघे आणि तुटे. ओशिनो चुलीसाठी ते तुकडे वेचत होती. त्यानं फळी सरळ केली आणि रंधा पुन्हा टोकाला नेऊन ठेवला.