लाल बाण

दार उघडल्या उघडल्या चेकरबाईच्या नाकात फिनेलचा वास शिरला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. या आठवड्यात ही तिसरी वेळ. सकाळी ती स्वतः लादी पुसून कामाला जाते. मग संध्याकाळच्या आत ती पुन्हा कोण पुसतं, आणि कशासाठी? सासरे? अहो, ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचा कप विसळला नाही, त्याला एकाएकी स्वच्छतेचा उमाळा आला म्हणे!

"बाबा, लादी पुसलीत?"

"चहा सांडला," सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"काल दूध सांडलं होतं."

"काल दूध. आज चहा."

तिनं पेपराकडे पाहिलं. तो कालचाच होता. चपला काढून ती तडक फ्रिजपाशी गेली. तिथं दोऱ्यानं एक वही टांगलेली होती, बटणची वही. आजच्या तारखेपुढे सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: झटके शून्य.

बटण, तिचं इवलंसं कुत्रं, टोपलीत पडलं होतं, मान नेहमीसारखी डावीकडे कललेली. तिनं हलकेच त्याचा ओठ वर केला. जिभेच्या कडेला चावा होता, ताजा, लालभडक. शून्य झटक्यांत जीभ चावली जाते होय? तिनं ओठ खाली केला आणि हात धुतले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आता हिचा स्वभावच संशयी, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पोटासाठी ती तेच तर करायची. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. टेबलावर तासाला चाळीस शर्ट यायचे, आणि तिनं प्रत्येकाची कॉलर, बाही, शिवण बघायची. चूक दिसली की तिथं लाल बाणाचं इवलंसं स्टिकर चिकटवायचं. कारखान्यातल्या बायका तिला दुर्बीण म्हणायच्या, तोंडावर कौतुकानं आणि पाठीमागे दात ओठ खाऊन. घरी आल्यावर डोळे मिटून ठेवणं तिला जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तशी तिची इच्छाही नव्हती.

बटण तिला कारखान्यामागच्या चिंध्यांच्या ढिगात सापडलं होतं. दोन किलोचं कुत्रं, आणि एकाच जागी गोल गोल फिरत होतं, कायम डावीकडे. बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. तिनं त्याला नापास झालेल्या एका शर्टात गुंडाळलं आणि घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की मेंदूला सूज आहे, शरीरच आपल्या मेंदूवर उलटलंय. हे बरं होणारं दुखणं नाही, पण गोळ्यांनी दाबून ठेवता येतं. काही महिने, नशीब असेल तर काही वर्षं. झटका कधी आला, किती वेळ टिकला, सगळं वहीत लिहायचं. गोळी त्यावरूनच ठरणार.

नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस घराबाहेर. म्हणजे दिवसा बटणला बघणार कोण? सासरे. त्यांनी पहिल्याच दिवशी तोफ डागली होती.

"हे काय उचलून आणलंस? याला धड उभं राहता येत नाही. मी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली, दवाखाना नाही."

"बसून तर बघायचंय, बाबा. झटका आला की लिहायचं. आणि नीट लिहायचं. आठवड्यात तीनच्या वर गेले की संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे संपलं."

सासरे मुळातच कमी बोलायचे. लिफ्टमध्ये ऐकलेलं लिफ्टमध्येच ठेवायचं, हा त्यांचा धर्म. साहेब लोकांची भांडणं, लफडी, राजीनामे, सगळं ऐकलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. अशा माणसाच्या पोटातून काही काढायचं म्हणजे काय सोपं काम आहे?

आणि वही तर मोठी गोड बोलत होती. आठवड्याला एक झटका, फार तर दोन. तीन आठवड्यांपूर्वी ती वही बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या होत्या. चेकरबाई तरंगतच घरी आली होती. पण त्यानंतर बटण दिवसेंदिवस उतरत चाललं. उजव्या बाजूनं खुर्चीच्या पायाला धडकू लागलं. वाटी समोर असून हवेत तोंड मारू लागलं. वहीत मात्र सगळं आलबेल.

मग तिनं तपास सुरू केला. गोळ्या देत नसतील? तिनं पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. कुत्र्याची कटकट नको म्हणून स्वतःची झोपेची गोळी त्याला चारत असतील? तिनं त्यांच्या उशाखालची डबी मोजली. तीही बरोबर. मोजताना तिला लाज वाटली, पण मोजल्या. शिवाय तिच्या खणातली लाल बाणांची पट्टी कमी कमी होत होती. आणि सासऱ्यांच्या कपाटाला, जे जन्मात कधी बंद नसायचं, आता कुलूप होतं.

जिन्यात शेजारीण भेटली, तिनं आगीत तेल ओतलं.

"दुपारी तुमच्याकडे आतून कडी असते हो. मी दोनदा वाजवलं. आणि आजोबा आत आकडे मोजत असतात. मला वाटलं, या वयात व्यायाम सुरू केला की काय!"

झालं! चेकरबाईच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. कडी, आकडे, फिनेल, कुलूप. याला बटण नकोच होतं. पहिल्या दिवसापासून नको होतं. दुपारभर त्या मुक्या जिवाचं हा माणूस काय करतो?

गुरुवारी तिनं सुपरवायझरला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि बाराला बाहेर पडली. घराशी येऊन दार ढकललं. आतून कडी. तिनं वाजवलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या व्हरांड्यात उघडायची. तिथं ती चोरासारखी उभी राहिली आणि पडद्याची कड बोटानं सरकवली.

सासरे लादीवर पालथे पडले होते. अहो, गुडघे दुखतात म्हणून जे खाली बसत नाहीत, ते पालथे! चहूबाजूंनी उशा लावल्या होत्या आणि मधोमध बटण. त्याचे चारी पाय ताठ होऊन थडथडत होते, तोंडाला फेस आला होता. सासऱ्यांचा एक तळवा त्याच्या डोक्याखाली होता, लादीवर आपटू नये म्हणून.

"एकेचाळीस... बेचाळीस... होईल हं, राजा, आत्ता थांबेल... चव्वेचाळीस... मी आहे ना... सेहेचाळीस..."

त्र्याहत्तरला बटण सैल पडलं. सासऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं. मग खुर्चीला धरून, कण्हत कण्हत उठले, फडका आणला, लादी पुसली, फिनेल टाकलं. खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला काहीतरी चिकटवलं, त्यावर पेनानं काही लिहिलं, आणि कुलूप लावलं. शेवटी वहीपाशी आले. बराच वेळ पेन हातात धरून उभे राहिले. मग लिहिलं.

तिनं दाराशी जाऊन बेल वाजवली.

कडी निघाली. तिला या वेळी बघून म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती आत शिरली आणि वही पाहिली. झटके शून्य.

"किल्ली द्या, बाबा."

"अगं, त्यात माझे कपडे..."

"किल्ली द्या."

कपाटाच्या दाराच्या आत लाल बाणच बाण होते. ओळीनं, एकाखाली एक, प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरात वेळ आणि सेकंद. तिनं या आठवड्याचे मोजले. सोमवारपासून नऊ. मागच्या आठवड्याचे अकरा. त्याच्या मागच्या आठवड्याचे सात. वहीत तिन्ही आठवडे मिळून चार झटके होते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं लिहिलंत! रोज! आणि मी मूर्खासारखी ती वही नाचवत दवाखान्यात गेले! का केलंत असं? का?"

सासरे कपाटाला टेकले.

"तूच म्हणालीस ना. तीनच्या वर गेले की संपलं. पहिल्याच आठवड्यात पाच आले गं. मी काय करणार होतो? पाच लिहिले असते, तर तू त्याला नेलं असतंस. सुई टोचून रिकाम्या हातानं परत आली असतीस." त्यांनी डोळे पुसले. "शून्य लिहिताना हात चालायचा नाही. म्हणून खरं इथं लावून ठेवलं. कुठेतरी खरं असायला पाहिजे ना."

तिला आता डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले, अगदी जसेच्या तसे. तीनच्या वर गेले तर लगेच या, गोळी वाढवू. वाढवूनही थांबले नाहीत, तर मग पुढचा विचार करू. हे सगळं त्या बोलल्या होत्या. घरी येऊन तिनं काय सांगितलं? संपलं. म्हाताऱ्याला धाक बसावा, त्यानं डोळ्यात तेल घालून बघावं, म्हणून तिनं मधलं सगळं गिळून टाकलं होतं. शर्टासारखं. पास नाहीतर नापास.

"चला, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्याला घ्या. आत्ता जायचंय."

"सुई?"

"सुई नाही. गोळी वाढवायची. शपथ घेते, फक्त गोळी."

सासऱ्यांनी खुंटीवरचा आपला जुना गणवेशाचा कोट काढला, बटणला त्यात गुंडाळलं, आणि चपला उलट्यासुलट्या घालून तिच्या आधी जिना उतरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बटणच्या डोळ्यात उजेड टाकला, पंजे उलटे करून बघितले, समोर बोट नाचवलं. चेकरबाईनं बाणांवरून उतरवून आणलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, मग वही वाचली, मग पुन्हा कागद.

"सत्तावीस झटके? आणि वहीत चार? अहो, याच वहीवर विसंबून मी तीन आठवड्यांपूर्वी गोळी अर्धी केली." त्यांचा आवाज चढला. "सूज बळावणार नाही तर काय होईल? उजवा डोळा गेलाय बहुतेक. आता पूर्ण मात्रा देऊन बघू, झटके आवरतील अशी आशा आहे. पण डोळा परत येईल, असं मी सांगणार नाही."

कोटातल्या गाठोड्यावर सासऱ्यांचे हात आवळले गेले. रस्ताभर त्यांनी बटणच्या डोक्यावर फुंकर घातली होती, आणि आता ते तोंड उघडत होते. एकतीस वर्षं मिटलेलं तोंड. ते काय बोलणार, हे तिला कळलं.

"ही वही लिहिली कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," चेकरबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, वरपासून खालपर्यंत. तशी नजर तिनं आजवर हजारो शर्टांवर टाकली होती. आज ती स्वतः टेबलावर होती. कानशिलं तापली, पण तिनं मान खाली घातली नाही.

"का?"

"भीती वाटली. तीनच्या वर गेले की संपलं, असं वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली आणि टेबलावर आपटावी तशी ठेवली. "हे बघा, इथून पुढे एक दिवस जरी खोटं लिहिलंत, तरी हे कुत्रं जगणार नाही. तुमच्यावर माझा विश्वास नाही. घरात दुसरं कोणी आहे का, खरं लिहिणारं?"

"आहेत," ती म्हणाली. "हे माझे सासरे."

सासऱ्यांनी बटणला डाव्या खांद्यावर घेतलं, उजवा हात धोतराला पुसला, आणि वहीसाठी पुढे केला.