आईकडून थोरलीकडे आलेलं जनुक

मी एक जुनं जनुक आहे. किती जुनं, ते मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, शरीर कसं घडवायचं याच्या बारीक सूचना पेशींत असतात, त्यांतली मी एक. आजीकडून आईकडे आलो, आईकडून थोरल्या लेकीकडे.

माझं काम पेशीच्या अंगावर तबक मांडण्याचं. त्यावरचे प्रथिनांचे तुकडे पाहून रक्षक पेशी आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. जुन्या साथींत या तबकाने कुणाला तारलंही असेल. तेव्हा माझं नाव कुणी घेतलं नाही. आता घेतात, तेही सुस्कारा टाकून.

आई कपडे शिवते. थोरली शेजारी बसून काज-बटणं करते. विसाव्या वर्षी तिचे डोळे पिवळे झाले. रक्षक पेशी तिच्याच यकृताला परकं समजून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "हे जनुक असलेली बहुतेक माणसं जन्मभर ठणठणीत असतात. सोबत आणखी जनुकं लागतात, बाहेरचंही काही निमित्त होतं. सगळं अजून आम्हालाही उमगलेलं नाही."

आईच्या कानात एवढंच राहिलं, की ते तिच्याकडून आलं.

गोळ्यांनी रक्षक शांत झाले. त्याच गोळ्यांनी थोरलीचा चेहरा मात्र सुजून गोल झाला. आत्या भेटायला आली नि हसत म्हणाली, "आजारी माणसाचे गाल बसतात गं, तुझे तर फुगे झालेत."

थोरलीही हसली. बरं तर वाटतच होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळ्या सोडल्या आणि घरात कळू दिलं नाही.

काही महिन्यांनी, बटण लावता लावता ती पेंगली. आईने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. डोळ्यांत पुन्हा पिवळेपण उतरलं होतं.

"गोळ्या घेतेस ना?"

थोरली सुईत दोरा ओवत राहिली. "आत्या येऊन गेली ना, तेव्हापासून नाही."

आई रागावली नाही. "नाक माझं घेतलंस, रंग माझा घेतलास, आणि हेही. परत घेता आलं असतं तर घेतलं असतं गं."

"नाक घे की. तेवढं चालेल मला."

दोघी हसल्या. मग आई मशीनवर डोकं टेकून रडली.

यकृताचा बराच भाग तोवर व्रणांनी घट्ट झाला होता. "गेलं ते परत येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलंय ते राखू."

थोरलीच्या धाकट्या बहिणीचं रक्तही तपासलं. आज तरी सगळं ठीक आहे. मी तिच्यातही आहे, निजलेला. असंच निजून राहावं, एवढंच मागणं मी देवाकडे मागतो.

मित्रांनो, मला खुडून काढता येत नाही. माझ्यापायी कुठल्या आईला बोल लावू नका, तिलाही मी न मागताच मिळालो. घरात हा आजार असेल तर थकवा लपवू नका. गोळी हा रोजचा नेम समजा. बरं वाटतंय म्हणून तो आपल्या मनाने मोडायचा नसतो. आणि कुणाच्या गालांवर हसण्याआधी जरा थांबा.

आता आई रोज पेला भरून थोरलीसमोर उभी राहते. गोळी घशाखाली उतरली की आई पेला घेऊन आत जाते, आणि त्या घराचा आणखी एक दिवस पदरात पडतो.