सयाजीच्या आतड्याचं अस्तर

शहाण्णव साली सयाजी हवालदार म्हणून निवृत्त होऊन विट्याजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा अंगावरचे कपडे लोंबत होते. पोट सारखं बिघडायचं. फौजेत लागलेली चपातीची सवय मात्र सुटत नव्हती. बायको रंगूबाई स्वतःपुरती शाळूची भाकरी करायची आणि त्याला चपात्या लाटून द्यायची.

शेवटी तिनंच त्याला सांगलीला नेलं. डॉक्टर प्रियदर्शनी कांबळेंनी दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला आणि पुढच्या खेपेला दोघांना समोर बसवलं.

"आतड्याच्या अस्तराला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. गहू तुम्हाला सोसत नाही, त्यामुळं तुमचे झडून गेलेत."

"मग आता न्हाईच यायचे?" रंगूबाईनं विचारलं.

"येतील. त्यांच्या बुडाशी खड्डे असतात, त्यात मूळपेशी. आसपासच्या पेशी त्यांना रसायनांतून निरोप देतात, नव्या पेशी कधी करायच्या, कधी थांबायचं. यांच्या मूळपेशी जोरात कामाला लागल्यात. पण नवी पेशी वर आली की गव्हापायी मरते."

सयाजी म्हणाला, "म्हंजे भरती चालू हाय, माणसं टिकंनात."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच."

"पर निरोप पोचतो कसा, मॅडम?"

"थोडं कळलंय, बरंचसं अजून शोधतायत. तुम्ही गहू सोडा, बाकीचं मूळपेशी करतील."

त्या दिवसापासून चपाती बंद झाली. महिन्याभरात जुलाब थांबले, हळूहळू गालावर मांस आलं. वर्षानं पुन्हा तपासलं, तर उंचवटे बऱ्यापैकी भरून आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात मेहुण्याच्या, हंबीररावाच्या घरी लग्न निघालं. पंगतीत सयाजीनं पुरी बाजूला सारली आणि रुमालाची गाठ सोडून घरची भाकरी काढली.

"आमचं अन्न चालत न्हाई व्हय, दाजी?" हंबीररावाचा चेहरा उतरला.

"तसं न्हाई गड्या. आतडं नवं झालंय, ते राखायचं हाय." सयाजीनं उंचवटे, खड्डे, निरोप, सगळं समजावलं. शेजारचे पाव्हणेही जेवायचे थांबून ऐकू लागले.

हंबीरराव उठून आत गेला. थोड्या वेळानं त्याची बायको चुलीवरच्या दोन गरम भाकरी घेऊन आली.

"रुमालातली वाळली आसंल, दाजी," ती म्हणाली. "ह्या घ्या."

सयाजीनं दोन्ही खाल्ल्या आणि आमटी पुन्हा मागून घेतली.