प्रेताने माशी हाकलली

नोलीन प्रिचर्ड मेली की होपटून गावात केक भाजले जायचे.

रिवाज जुनाच होता. कुणाच्या घरचं माणूस गेलं की शेजारणी झाकलेल्या ताटल्या घेऊन दारात हजर व्हायच्या, म्हणजे त्या घरी स्वयंपाकाची काळजी नको. नोलीन टीव्हीवर पहिल्यांदा मेली ती यारा नदीत बुडून. तेव्हा समोरच्या मिसेस बॉल्डॉकनं गंमत म्हणून तिच्या आईच्या मिल्क बारमध्ये, म्हणजे दूध-गोळ्यांच्या दुकानात, एक स्पंज केक नेऊन ठेवला. दुसऱ्यांदा ती मोटारीच्या डिकीत मेली, तेव्हा तिघींनी आणले. त्यानंतर तिला विष देण्यात आलं, जिन्यावरून ढकलण्यात आलं, मांसाच्या गोदामात टांगण्यात आलं, आणि तिच्या आईला, आयव्ही प्रिचर्डला, मलईचा नुसता वास आला तरी मळमळायला लागलं.

ते दिवस काळ्यापांढऱ्या टीव्हीचे. मेलबर्नमध्ये पोलिसांच्या मालिकांना नुसता ऊत आला होता आणि प्रत्येक मालिकेला दर आठवड्याला एक तरी ताजा मुडदा लागायचा. नोलीन त्या कामात फारच तयार होती. डोळे उघडे ठेवून पापणी न हलवता ती पडून राही. समोरचा नट भाषण विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, तरी हिची छाती हलत नसे. दिग्दर्शक तिला नावानं मागवायचे. "ती होपटूनची पोरगी आणा रे, ती झकास मरते."

पण झकास मरणाऱ्या मुलीला बोलायला कोण देतो? दोन वर्षांत तिच्या वाट्याला एक शब्दसुद्धा आला नव्हता. किंकाळीही नाही. किंकाळ्या मारायला वेगळी बाई होती.

दर रविवारी ती घराच्या मालकिणीच्या टेलिफोनवरून आईला ट्रंककॉल लावायची. होपटूनच्या एक्स्चेंजवर थेल्मामावशी बसायची. ती फोन जोडून द्यायची आणि मग ऐकत बसायची. सगळ्यांना ते ठाऊक होतं. थेल्मामावशीही ते कधी लपवत नसे.

"नोलीन, मला आता या केकांचा वीट आलाय," आई म्हणाली. "माझे झगे मला होत नाहीत."

"खात नको जाऊस ना मग."

"दुःखाचा केक परत कसा करायचा? आणि लोक काय म्हणतात माहितीये? परवा बँकेचा मॅनेजर दूध घ्यायला आला, म्हणाला, 'आयव्ही, काल तुझ्या पोरीचा डावा पाय फार छान दिसला.'"

"पाय तर पाय. दिसला ना?"

"हे बघ. मी तुला स्पष्ट सांगते. नाताळपर्यंत त्या डब्यातून मला तुझा आवाज ऐकू आला, तर राहा तिकडे, कर काय करायचं ते. नाही आला तर इकडे यायचं आणि काउंटर सांभाळायचा. माझे गुडघे आता साथ देत नाहीत."

"आई, असं काय गं!"

"बरोबर आहे तिचं, नोलीन," मध्येच थेल्मामावशी म्हणाली. "तिचे गुडघे खरंच वाजतात. फोनवरसुद्धा ऐकू येतात."

नोलीननं कबूल केलं. न करून सांगते कुणाला? काउंटरमागे उभं राहून पोरांना गोळ्या मोजून देणं म्हणजे काय, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिला तसलं उभ्याउभ्याचं मरण नको होतं.

आवाजाची तिची तयारी मात्र जय्यत होती. मिस कार्मोडी नावाच्या बाईकडे ती बोलण्याची शिकवणी घेत होती. दातांत बाटलीचं बूच धरून तोंड गोल करायचं, शब्द कसे काचेच्या भांड्यासारखे अलगद खाली ठेवायचे. त्या काळी आपल्या टीव्हीवर मेंढ्या चोरणारा दरोडेखोरही लंडनच्या वकिलासारखा बोलायचा. होपटूनची बोली, जी नाकातून निघते आणि वाटेत दोनदा बसते, ती ऐकवायची कुणाची छाती नव्हती. मिस कार्मोडी म्हणायची, "बाळ, तू तोंड उघडलंस की मला गव्हाचं शेत दिसतं. ते बुजवायला हवं."

नोव्हेंबर लागताच 'सार्जंट डन' या मालिकेत तिला बोलावणं आलं. मुडद्याचंच. बॅकस मार्श गावाच्या पलीकडे एका मेंढ्यांच्या कुरणात मुडदा सापडतो आणि सार्जंट डन त्याच्यापाशी गुडघे टेकून एक लांबलचक भाषण करतो. सार्जंट डन म्हणजे क्लेम हॅरिगन. उभी हयात फिरत्या नाटक कंपन्यांत गेलेला, आवाज ढगांच्या गडगडाटासारखा आणि डोकं चाळणीसारखं. त्याला 'न्याय' हा शब्द आठवे, पण तो कुणाला मिळाला नाही ते आठवत नसे.

ऊन असं होतं की गवताचा करकर आवाज येत होता. आणि माश्या. माश्यांचं काय सांगायचं? कुरण आहे, मेंढ्या आहेत, नोव्हेंबरचा उन्हाळा आहे. दिग्दर्शक मर्व्ह कर्णा एका हातात धरून दुसऱ्या हातानं तोंडासमोर वारत होता. कॅमेरावाला वारत होता. खोटे पोलीस वारत होते. मोकळा हात असलेला एकही माणूस स्वस्थ नव्हता.

नोलीन गवतात पडली होती. क्लेमचं भाषण सारखं कोसळत होतं.

"ही पोर," तो गहिवरून म्हणे, "ही कुणाची तरी लेक होती. कुणाची तरी... मर्व्ह, कोण होती रे?"

"बहीण, क्लेम! बहीण!" मर्व्ह कर्ण्यातून ओरडे.

दुपार कलली. फिल्मचं शेवटचं रीळ चढलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, क्लेमला सगळं आठवलं. लेक, बहीण, न्याय, सगळं ओळीनं आलं. डोळ्यांतून खरं पाणी आलं. मर्व्हनं कर्णा छातीशी धरला.

त्याच वेळी एक माशी नोलीनच्या वरच्या ओठावर बसली. तिनं ते सोसलं. माशी नाकपुडीच्या काठावर चढली. तेही सोसलं. माशी आत डोकावली.

आणि नोलीनचा हात उठला, तोंडासमोरून एकदा सावकाश फिरला आणि पुन्हा गवतात जाऊन पडला.

ते तिनं केलं नव्हतं. हातानं केलं होतं. जन्मापासून उन्हाळ्यात जे करत आला तेच.

"कट!" मर्व्ह ओरडला. "क्लेम, गड्या, जिंकलंस! चला, गाडीत घाला सगळं!"

नोलीन तशीच पडून राहिली. आता कुणीतरी बोलेल, मग बोलेल, असं तिला वाटत होतं. कुणी बोललं नाही. गाडीत सामान चढवताना मर्व्ह तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "नेहमीसारखीच छान, पोरी." आणि तोंडासमोर हात वारला.

तिची झोप उडाली. बोलायला मिळत नव्हतं ते नव्हतंच, आता मरायलाही कुणी बोलावणार नाही. न राहवून ती चित्रीकरण तपासायच्या खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसली. पडद्यावर क्लेम रडला, हात उठला, फिरला, पडला. खोलीतही एक माशी होती. मर्व्हनं ती वारली, संकलकानं वारली, टीव्ही स्टेशनच्या मोठ्या साहेबांनीही वारली.

"क्लेमचं हे आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम," साहेब म्हणाले, आणि तो भाग मंजूर झाला.

कुणाला दिसलंच नाही! आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस माशी हाकलतो हे कुणाच्या डोळ्याला टोचतच नाही. श्वास घेतलेला कुठे कुणी बघतं?

पण होपटूनचं तसं नव्हतं. तिथली माणसं सार्जंट डनकडे नाही, नोलीनकडे बघत होती. भाग संपतो न संपतो तोच टेलिफोन वाजला.

"तू मेली नाहीस," आई म्हणाली.

"मेले गं आई. चाकूनं मेले."

"मेलेलं माणूस माशी हाकलत नाही. अख्ख्या दुकानानं पाहिलं. मिसेस बॉल्डॉक केक घेऊन दारापर्यंत आली होती, ती केकसकट परत गेली."

"मी पण पाहिलं," थेल्मामावशी म्हणाली. "मी इकडे टाळ्या वाजवल्या."

एका गावानं पाहिलं की दुसऱ्याला कळतं. मिल्ड्युरापासून वॉर्नम्बूलपर्यंत लोकांनी स्टेशनला फोन केले. पोरीला असं उन्हात टाकून सार्जंट भाषण काय ठोकतो? डॉक्टरला बोलवा म्हणावं! एका बाईनं तर क्लेमला बाजारात गाठून छत्रीनं टोचलं.

मर्व्हनं नोलीनला बोलावून घेतलं. त्याचा चेहरा गोरामोरा झाला होता.

"तू जिवंत आहेस," तो म्हणाला. "साहेबांनी ठरवलंय."

नोलीन खुर्ची ओढून ताठ बसली. तिनं तोंड गोल करून, मिस कार्मोडीला स्मरून विचारलं, "मग मी काय बोलते?"

"काही नाही. बेशुद्ध आहेस."

"किती दिवस?"

"लोकांना कंटाळा येईपर्यंत."

मग ती आठवड्यामागून आठवडे दवाखान्याच्या पलंगावर पडून राहिली. मेलेल्याला निदान श्वास रोखायचं तरी काम असतं. इथे डोक्याला बँडेज, तोंडाला बँडेज, आणि क्लेम येऊन उशाशी द्राक्षं ठेवायचा व स्वतःच खायचा. आईचा दर रविवारी एकच प्रश्न असे, "शुद्ध आली का?" आणि नाताळ जवळ येत होता. आता मालिकेचा वर्षातला शेवटचा भाग राहिला. त्याचा कागद नोलीननं उलटसुलट वाचून पाहिला. त्यातही ती घोरतसुद्धा नव्हती.

तिनं बॅग भरायला काढली तेव्हा ट्रेम्बाथ नावाचे गृहस्थ स्टेशनवर आले. ते 'स्वॉटो' या माशीमार फवाऱ्याचे मालक. मालिकेच्या मध्ये जाहिराती त्यांच्याच असायच्या, आणि त्या काळी जाहिरात तिथल्या तिथे, थेट, नटांनीच करायची असे.

"या मुलीनं," ट्रेम्बाथसाहेब भारावून म्हणाले, "मरणाच्या दारातून माशी हाकलली. माझ्या फवाऱ्याला दुसरं कोण शोभणार? शेवटच्या भागात हीच बोलेल."

बोलेल! नोलीननं वाक्य घोटून घोटून पाठ केलं. 'स्वॉटो असता घरी, निद्रा शांत खरी.' मिस कार्मोडीनं ते तिच्याकडून बुचासकट म्हणवून घेतलं आणि डोळे पुसले. "गव्हाचं शेत गेलं, बाळ. आता नुसता गुलाबांचा ताटवा दिसतोय."

आणि रविवारी आई म्हणाली, "जाहिरात चालेल. पण तुझा आवाज हवा."

"माझाच असणार की!"

"बघू."

शेवटचा भाग चालू झाला. होपटूनच्या मिल्क बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इकडे स्टुडिओत दिव्यांनी भट्टी पेटली होती. ट्रेम्बाथसाहेबांनी अस्सलपणासाठी काचेच्या बरणीत माश्या आणल्या होत्या. ठरलं असं, की नोलीननं बँडेज सरकवायचं, वाक्य म्हणायचं, बरणीतली एक माशी सोडायची, आणि फवारा मारून ती पाडायची.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. नोलीननं बँडेज सरकवलं आणि गोड, गोल, चांदीची घंटा वाजावी तशा आवाजात म्हणाली, "स्वॉटो असता घरी, निद्रा शांत खरी."

ट्रेम्बाथसाहेबांनी स्वतः बरणीचं झाकण उघडलं. पण एक माशी बाहेर यावी आणि बाकीच्यांनी पाहत बसावं, हे माश्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या एकदम उठल्या. नोलीननं फवारा दाबला. डबा फुस्स करून गप्प झाला. तिनं पुन्हा दाबला. त्यातून एक थेंब तिच्याच मनगटावर पडला. पलीकडे क्लेम हातवारे करत पडद्यामागे पळाला. आणि एक जाडजूड माशी, नक्की बॅकस मार्शचीच असणार, थेट तिच्या नाकपुडीशी आली.

"अगं निघ की मेले!" नोलीन ओरडली. "नाकात बिऱ्हाड करतीस का? थांब, टाळकंच फोडते तुझं!" आणि तिनं तो फवाऱ्याचा डबा माशीवर फेकून मारला.

माशी पलंगाच्या गजावर चेंगरून पडली. अख्खा देश ते बघत होता.

दिवा विझला. मर्व्ह डोकं धरून खाली बसला. मिस कार्मोडी ते पाहत असेल या विचारानं नोलीनला घाम फुटला. इतक्या दिवसांचं बूच, इतकं गोल तोंड, आणि शेवटी बाहेर काय पडलं? तर गव्हाचं शेत, तेही मेंढ्यांसकट. ती बँडेज हातात घेऊन स्टुडिओबाहेरच्या बोळात येऊन बसली. काउंटर, गोळ्यांच्या बरण्या, आईचे गुडघे, सगळं समोर दिसायला लागलं.

बोळातला टेलिफोन वाजला.

"होपटून बोलतंय," थेल्मामावशीचा आवाज आला. "घे गं, आयव्ही."

मागे दुकानात गलका चालला होता.

"नोलीन, आधी एक बाई आली होती. गव्हर्नरच्या चहापार्टीला आल्यासारखी बोलत होती. ती कोण?"

"मीच गं."

"असेल. मी नाही ओळखलं. मी म्हटलं, संपलं, पोरगी परत आली आता काउंटरवर. मग ते ओरडणं ऐकलं आणि मी दाराकडे बघायला लागले. मला वाटलं, तू दुकानातच आलीस."

"म्हणजे... हे बोलणं धरायचं का आई?"

"धर गं, आयव्ही," थेल्मामावशी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, थेल्मा. मी धरलंय कधीच." मग आई म्हणाली, "राहा तिकडेच. दुकानावर मी बॉल्डॉकची मधली मुलगी ठेवीन. तिला बोलायची हौस नाही."

ट्रेम्बाथसाहेब बोळाच्या टोकाशी हात चोळत उभे होते. डब्याच्या वजनावर ते फार खूश होते. तेच वाक्य पुढच्या वर्षभरासाठी हवं, म्हणत होते, फक्त 'मेले' जरा हळू. त्यांच्या मागे मर्व्ह उभा होता. शेजारच्या स्टुडिओतून कुणीतरी विचारत आलं होतं, की मेंढ्या कातरणाऱ्यांच्या खानावळवालीचं काम आहे, बडबडं आहे, ती ओरडणारी बाई कोण?

नोलीननं टेलिफोन अजून कानाशीच धरला होता. पलीकडे दुकानाचं दार वाजलं आणि मिसेस बॉल्डॉकचा आवाज ऐकू आला.

"आयव्ही, माणूस जिवंत झालं तर काय न्यायचं असतं, मला ठाऊक नाही बाई. मी आपला केकच आणलाय."

"आण इकडे," आई म्हणाली. "मलई जास्त घातलीस ना?"