बटाट्याबरोबरचं मीठ

आमचे जावई लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट कायम बंद असते. त्या लांबच्या शर्यतीनंतर आठवडाभर ते जिना उलटा उतरत होते, तोंड वरच्या मजल्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की सरळ उतरायला गेलं तर गुडघे ऐकत नसत. तळमजल्यावरच्या बाईंना वाटायचं, हा माणूस वर चाललाय पण पोचत नाहीये. त्या रोज दारात येऊन त्यांना धीर द्यायच्या.

शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग धावायचं. लांबची असते ती उजाडताना पाण्यात उतरून अंधार पडल्यावर संपते. ती पुरी केल्यापासून जावयांचं हृदय इतकं सावकाश चालायला लागलं की डॉक्टरांनी एक ठोका ऐकला आणि दुसरा येईपर्यंत बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

या शर्यतीपायी वर्षभराचे रविवार गेले. जावयांचे सरावात आणि माझ्या लेकीचे रस्त्याच्या कडेला पिशवी धरून उभं राहण्यात. लेक लाँड्री चालवते, घड्या घालणं तिच्या हातातच आहे. पिशवीत सगळ्यात वर टॉवेल, त्याखाली पायाला लावायची पावडर, मग एकमेकांत खोचलेले मोजे, मग सोललेला उकडलेला बटाटा. जावयांनी हात घालावा आणि हवी ती वस्तू आपणहून हाताला यावी. पिशवीत डोकावून बघायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही.

जिना सरळ उतरता यायला लागला, त्याच दिवशी जेवताना जावयांनी पुढच्या वर्षीच्या लांबच्या शर्यतीचा विषय काढला. लेकीने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, महिनाअखेरीला तलावावर छोटी ट्रायथलॉन आहे, तिच्यात मी दोघांची नावं दिलीत. रोज सकाळी लाँड्री उघडायच्या आधी ती कित्येक महिने पोहायला जात होती, हे तेव्हा आम्हाला कळलं.

"तू पुढे आलास तर येतं वर्षही तुझं," ती म्हणाली. "मी पुढे आले तर रविवार माझे."

जावई हसले, पण त्यात खोट नव्हती. लोकांचा नाश्ता व्हायच्या आत संपणारी शर्यत. दिवसभर झुंजून आलेल्या माणसाला ती जिभेवर ठेवलेल्या गोळीसारखी वाटणारच. मीही तेच धरून चाललो होतो. हरल्यावर लेकीची समजूत कशी काढायची, त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

शर्यतीच्या सकाळी लेकीने नेहमीसारखी त्यांची पिशवी भरली. स्वतःसाठी फक्त बूट आणि हेल्मेट घेतलं.

पाण्यातून निघून सायकल घ्यायची जागा असते, तिथे कठड्याला टेकून मी उभा राहिलो. ओळीने सायकली टांगलेल्या, प्रत्येकीखाली ज्याचं त्याचं सामान. जावई लेकीच्या बरेच आधी पाण्याबाहेर आले. हेल्मेट चढवायचं, पाय बुटात घालायचे आणि सुटायचं, एवढंच काम होतं. पण त्यांचा हात पिशवीत गेला आणि टॉवेल हाताला आला. झालं. जावई खाली बसले. अंग पुसलं, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या, पावडर लावली. आजूबाजूने माणसं सुसाट निघून जात होती आणि हे न्हाव्याकडे नंबर लागायची वाट पाहत असल्यासारखे निवांत. अहो निघा, म्हणून मी सांगितलं तर मान डोलावून मोजे चढवायला घेतले. लांबच्या शर्यतीत ओल्या पायांनी निघालेल्याला संध्याकाळी फोड रडवतात. त्यांचे हात तेवढंच शिकलेले.

मग बटाटा निघाला. त्याच्याबरोबर कागदाची एवढीशी पुडी. जावयांनी ती उघडली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"बाबा, हे मीठ दर वेळी असायचं?"

"मला काय विचारता? खात तुम्ही होता."

वर्षभर हातांनी परस्पर मीठ लावून बटाटा तोंडात घातला होता, डोळ्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्या दिवशी ते दमलेले नव्हते, म्हणून दिसलं असावं.

तेवढ्यात लेक आली. ओले पाय तसेच बुटात कोंबले आणि आमच्याकडे न बघता सायकल घेऊन गेली. जावयांनी तिला वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग उरलेला बटाटा मीठ लावून नीट खाल्ला, कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि उठले.

त्यांनी तिला गाठायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जीव तोडून केला. पण पायांना चाल एकच ठाऊक, दिवसभर पुरेल अशी. धावताना तर एक बाई बाबागाडी ढकलत त्यांच्या पुढे निघून गेल्या आणि गाडीतलं बाळ वळून वळून यांच्याकडे बघत होतं. लेक आधी पोचली. गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. हसत होती की रडत, ते घामाने कळू दिलं नाही.

घरी येताना मी तिला हळूच विचारलं, पिशवी मुद्दाम तशी भरलीस का. म्हणाली, नेहमीसारखीच भरली, बाबा. कपड्यावरचा डाग कसा काढला, हेही ती गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही.

पुढच्या रविवारी मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. जावयांची समजूत अशी होती की रविवार हरले, म्हणजे आता दोघांनी उशिरापर्यंत लोळायचं, संध्याकाळी कुठे फिरायला जायचं. लेक दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. लांबच्या शर्यतीला तिने नाव दिलं होतं, एकटीचं.

जावई स्वयंपाकघरात बटाटा सोलत होते. गरम असल्यामुळे तो या हातातून त्या हातात उडत होता. मीठ पुडीत बांधून तयार होतं. पिशवी मात्र भरून झाली तरी त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तिच्यात डोकावत ते मला विचारायला लागले, मोजे वर ठेवायचे की टॉवेल.

"टॉवेल," लेक दारातूनच म्हणाली.

जावयांनी सगळं बाहेर काढलं आणि पिशवी पुन्हा भरायला घेतली.