आधी टाय नीट करायचा

आलोक शेजवलकर आणि निखिल वाघचौरे कुवेतमधल्या एकाच तेल कंपनीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या केबिनमध्ये बसत आणि एकमेकांशी ईमेलने बोलत. शेजवलकर पुण्याचे, अंगाने भरपूर. वाघचौरे नाशिकचे, इतके सडपातळ की हेल्मेट घातलं की खिळ्यासारखे दिसत. मेंटेनन्सच्या मॅनेजरची जागा डिसेंबरात रिकामी होणार होती आणि ती आपलीच आहे, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. राहायला दोघंही फिंतास या उपनगरातच, एकाच इमारतीत. त्यामुळे लिफ्टमध्ये गाठ पडायची आणि दोघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे.

त्यांना एकत्र आणलं आलोकच्या बायकोने, लीनाने. तिचा हेतू समेटाचा नव्हता. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तिला विनोदी प्रवेश बसवायचा होता आणि एक जाडा, एक बारीक असे दोन पुरुष हवे होते.

कोविडच्या कर्फ्यूत घरात अडकलेली असताना लीनाला जुन्या इंग्रजी बोलपटांचं वेड लागलं होतं. वीस-वीस मिनिटांचे, काळे-पांढरे, सिनेमाला नुकताच आवाज मिळाला होता त्या काळातले. दोन माणसं एक साधं काम करायला निघतात आणि शेवटी घर पाडून ठेवतात. इतर लोक हसून विसरायचे, लीनाने अभ्यास केला. दोघांना समोर बसवून तिने सांगितलं, "यातला मुख्य नियम असा. एकाने मारायचं. दुसऱ्याने रागवायचं नाही. आधी टाय नीट करायचा, प्रेक्षकांकडे बघायचं, थोडा विचार करायचा आणि मग सावकाश परत मारायचं."

"आणि तोवर पहिला काय करतो?" वाघचौरेंनी विचारलं.

"उभा राहतो, भावजी."

"पळून का जात नाही?"

"कारण आता पाळी दुसऱ्याची असते. पळाला तर सगळी मजा गेली."

शेजवलकरांना हे अव्यवहारी वाटलं, पण वाघचौरे नाही म्हणेपर्यंत ते नाही म्हणणार नव्हते. वाघचौरेंचंही तेच होतं. अशा रीतीने दोघं तयार झाले.

प्रवेश भिंतीला कागद चिकटवण्याचा होता. बादलीभर मैद्याची खळ, दोन मोठे ब्रश, एक शिडी. तालमी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होत. पहिल्याच तालमीत वाघचौरेंनी शेजवलकरांच्या गालावर टिचकीवजा थप्पड मारली, तेव्हा इमारतीचा रखवालदार सिराज धावत आला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. "साब, छोडो! शुर्ता को बुलाऊं क्या?" शुर्ता म्हणजे पोलीस. हे नाटक आहे असं लीनाने समजावलं, तरी तो खांबाआड उभा राहून लक्ष ठेवून होता.

खरं तर लक्ष ठेवण्यासारखं काही नव्हतं. दोघंही एकमेकांना इतक्या जपून मारत होते, की लीना हताश झाली. "ही थप्पड आहे की बीपी तपासणं चाललंय?" ती ओरडली. तिला फक्त पडण्याचा भाग जमल्यासारखा वाटत होता. त्या बोलपटांत पडणं दाखवत नाहीत, ऐकवतात. म्हणून वाघचौरेंनी शिडी आणायला आत जायचं, आत भांड्यांचा प्रचंड आवाज व्हायचा, मग शांतता, आणि मग एकटं झाकण बराच वेळ गरगरत राहायचं. झाकण उत्तम काम करत होतं.

कार्यक्रम शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी शेजवलकरांनी पंपाच्या दुरुस्तीतली वाघचौरेंची एक चूक ईमेलने त्यांच्या नजरेला आणून दिली, आणि सोबत जनरल मॅनेजरच्याही.

शुक्रवारी रंगमंचावर थप्पड बसली ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

सभागृह हसून कोसळलं. शेजवलकरांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या, कान वाजत होता. काय करावं हे न सुचून ते उभे राहिले. हात आपोआप टायकडे गेला. त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिलं, वाघचौरेंकडे पाहिलं, पुन्हा प्रेक्षकांकडे. मग वाकून ब्रश बादलीत दांड्यापर्यंत बुडवला आणि वाघचौरेंना कपाळापासून गळ्यापर्यंत खळ फासली, अगदी सावकाश, कोपरे न सोडता. वाघचौरे हलले नाहीत. हलले असते तर हरले असते. त्यांनी डोळ्यांवरची खळ बोटाने निपटली, ती झटकली आणि शेजवलकरांचा टाय कात्रीने कापला. कात्री कागदासाठी होती.

बारा मिनिटांचा प्रवेश अर्धा तास चालला. विंगेत उभ्या असलेल्या लीनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाघचौरेंची बायको क्षितिजा तिच्या कानाशी म्हणाली, "लीनाताई, हे खरं मारतायत."

"हो," लीना म्हणाली, "पडदा पाडू नको."

व्हिडिओ आठवडाभरात कुवेतभर फिरला. केरळी मंडळाचं बोलावणं आलं, मग तेलुगू मंडळाचं. दोघंही प्रत्येक ठिकाणी गेले, कारण मागच्या वेळी शेवटचं मारलं कोणी याचा हिशोब कधीच पुरा होत नव्हता. वेगवेगळ्या गाड्यांनी जायचे, वेगवेगळ्या गाड्यांनी यायचे. लोक म्हणायचे, काय जोडी आहे!

डिसेंबरात जनरल मॅनेजरने दोघांना एकत्र बोलावलं. त्यानेही व्हिडिओ पाहिला होता, मुलांना दाखवला होता. मॅनेजरची जागा त्याने परचेसमधल्या मुकेशला दिली होती.

"तुमच्यातला एक वर नेला असता तर दुसरा एकटा पडला असता," तो म्हणाला. "इतकं एकमेकांना ओळखणारी माणसं मला तोडायची नव्हती." आणि त्याने दोघांशी प्रेमाने हस्तांदोलन केलं.

बाहेर आल्यावर दोघं चहाच्या मशीनपाशी थांबले. कप भरता भरता वाघचौरे म्हणाले, "परचेसमधला?"

"पंप आडवा की उभा ते कळत नाही त्याला," शेजवलकर म्हणाले.

"आणि तो आपल्याला शिकवणार."

त्या दिवशी ते एका गाडीतून घरी आले. महिन्याभरात 'अहो शेजवलकर'चं 'अरे आलोक' झालं. मुकेश रोज नवा विषय पुरवत होता, त्यामुळे मैत्रीला खंड नव्हता. शनिवारी दोघं समुद्राकाठी फिरायला जाऊ लागले आणि लिफ्टमध्ये इतकं बोलू लागले, की मजला चुकायचा.

मार्चमध्ये शहरातल्या दस्मान भागातल्या एका सभागृहात मोठा प्रयोग ठरला. तिकिटं संपली. वाघचौरेंनी हात उगारला आणि थप्पड हवेतच मऊ झाली. शेजवलकर टाय नीट करता करता पुटपुटले, "लागलं नाही रे. मार जोरात." ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. खळ लावताना शेजवलकरांनी मित्राच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून मध्ये हात धरला. झाकणाने आपलं काम चोख केलं, पण एकट्या झाकणावर प्रेक्षक किती हसणार?

परतताना दोघं गाडीत पुढे बसून खुशीत होते. "आज काय सहज झालं ना, वहिनी!" वाघचौरेंनी मागे वळून विचारलं.

"फारच सहज," लीना म्हणाली.

पुढच्या दिवाळीला मंडळाने त्यांना प्रवेशाऐवजी पार्किंग दिलं. चमकणारी जाकिटं घालून दोघं दोन फाटकांवर उभे राहिले. निखिलकडे गर्दी झाली की आलोक त्याला मोकळं करण्यासाठी गाड्या आपल्याकडे वळवायचा, आलोकची दमछाक दिसली की निखिल त्याच गाड्या परत बोलवायचा. "तू राहू दे, मी बघतो!" "अरे, तू बस जरा!" वाट बघणाऱ्यांची रांग हायवेपर्यंत गेली. एक माणूस गाडी तिथेच सोडून पायी निघाला. त्या रांगेच्या मधोमध, नऊवारी नेसून नाचाला उशीर झालेली लीना हॉर्नवर हात दाबून बसली होती.