मागचे डावे हँडल

नमुन्याच्या गाडीत दारांच्या वर, आत बसलेल्याने धरायची हँडले तीन होती. चालकाच्या शेजारचे आणि मागचे उजवे ही दोन शहाण्या मुलांसारखी वागत होती. खाली ओढावे, हात सोडावा, की ती आळस दिल्यासारखी सावकाश वर जाऊन छताच्या कडेला बिलगत. तिसरे, मागच्या डाव्या दारावरचे, एकदा खाली ओढले की खालीच राही. ते लोंबकळत नसे. लोंबकळणाऱ्या वस्तूला थोडा तरी हेलकावा असतो. हे ताठ असे, कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखे.

"बसलंय कुणीतरी," पैलवान म्हणाला.

पैलवान म्हणजे नमुन्यांच्या गाड्या जोडणारा फिटर. वाऱ्याने उडेल अशा अंगकाठीमुळे त्याला ते नाव पडले होते आणि आता त्याच्या बायकोखेरीज कुणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नसे.

"उठवा मग त्याला," ती म्हणाली.

"मी नाही बाई. हँडल तुमचं, पाहुणाही तुमचाच."

ती हसली, पण हँडल तिचे होते हे खरेच होते. त्याचे आरेखन तिने केले होते. जुनी हँडले स्क्रूने बसत. ती बसवताना माणसाला गाडीत अर्धवट शिरून, मान मागे टाकून, डोक्यावर हात धरून स्क्रू पिळावे लागत. संध्याकाळपर्यंत मानेचा दगड होई, आणि स्क्रूड्रायव्हर निसटला की छताचे कापड फाटे ते वेगळेच. तिच्या हँडलला दोन पाय होते आणि प्रत्येक पायाला पोलादी चाप. पत्र्यातल्या दोन भोकांवर पाय टेकवायचे, तळहाताने दाबायचे, टक् आवाज आला की काम झाले. शिवाय छताच्या त्याच कडेला कापडामागे हवेच्या पिशवीची घडी असते. बाजूने धडक बसली की ती पिशवी पडद्यासारखी खाली उघडते, आणि त्या क्षणी हँडल पक्के बसलेले नसेल तर ते शेजारी बसलेल्याच्या डोक्यावरच भिरकावले जाते. तिचे चाप तो धक्का सोसत. प्रयोगशाळेत ते वारंवार सिद्ध झाले होते.

पूर्वी स्क्रू पिळून झाले की प्रत्येक फिटर हँडलला हाताने एक हिसका देऊन पाही. हे कुणी लिहून दिले नव्हते. हाताची खोड होती ती. नव्या पद्धतीतून तिने ती खोड काढून टाकली. आवाज आला म्हणजे बसले. मग हिसका कशाला? वेळ वाचला, खांदेही वाचले. ती पद्धत मांडताना तिला स्वतःचे थोडे कौतुकच वाटले होते.

मुठीचा आकार मात्र तिने घरातून आणला होता.

म्हाताऱ्या हातांना जे सोसेल ते सगळ्यांनाच सोसेल, या विचाराने तिने कितीतरी वयस्कर माणसांच्या हातात ओल्या मातीचे गोळे देऊन मुठीचे ठसे घेतले होते. त्यांतला सगळ्यात बोलका ठसा सासूबाईंचा निघाला. तरुणपणी दारात चेमटून त्यांच्या उजव्या हाताची अनामिका वाकडी झाली होती. ती कधी पुरती मिटत नसे आणि पुरती सरळही होत नसे. मातीत तिथे उथळ खळगा उमटला आणि बाकीची बोटे खोल रुतली. आश्चर्य असे की तोच आकार जवळजवळ प्रत्येक हातात चपखल बसला. अखेर साचा त्यावरूनच झाला. तो तयार झाला तेव्हा सासूबाई नव्हत्या. दुपारच्या झोपेतून त्या उठल्याच नाहीत, तेव्हा तो अजून कागदावरच होता.

त्या असताना घरच्या गाडीत त्यांची जागा ठरलेली होती, मागे डावीकडे. सून गाडी चालवायला बसली की त्या वरचे हँडल धरत आणि म्हणत, "तू चालव गं निवांत. मी धरलंय." एवढ्या एका वाक्यात अख्खा टोमणा मावे. रस्ता रिकामा असला तरी मागून मधूनच यायचे, "हळू." घरातही तेच. गॅसचे बटण, नळ, दाराची कडी, सगळे त्या दोनदा ओढून पाहत, आणि कडी सुनेने लावलेली असली तर हमखास. "मी लावलीय," असे तिने म्हटले की उत्तर ठरलेले असे: "लावलं म्हणजे लागलं, असं नसतं बाई."

त्या दिवशी दुपारी साहेब नमुना पाहायला आले. दुसऱ्या दिवशी कारखान्याची माणसे येणार होती. त्यांनी होकार दिला की साचे कामाला लागणार आणि हजारो गाड्यांत हेच हँडल बसणार होते. साहेब मागच्या डाव्या जागेवर बसले, त्यांनी हँडल धरले, खांदा वर घेतला आणि समोरच्या काचेकडे पाहत हलकेच म्हणाले, "हळू."

गाडी बंद होती. चाकाखाली लाकडाचे ठोकळे होते.

"काय म्हणालात?" तिने विचारले.

"मी? कुठे काय." साहेबांनी हात काढला. हँडल तिथेच राहिले. "हे वर का जात नाही?"

पैलवान तिच्याकडे पाहत होता. साहेब उतरून पलीकडे गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "काल मी बसलो होतो, तर माझ्याही तोंडून तेच निघालं. म्हटलं, उगाच तुम्हाला कशाला सांगा."

"कोपर वर गेलं की शरीराला वाटतं गाडी वळतेय," ती म्हणाली. "त्यात काही नाही."

हे तिने शिकलेले होते आणि ते खोटेही नव्हते. तरी तिने हँडलला हात लावला तेव्हा ते कोमट लागले. ऊन खिडकीतून येत होते खरे, पण ते गाडीच्या दुसऱ्या बाजूला पडत होते.

"स्प्रिंग मऊ पडतेय," साहेबांनी पलीकडून निकाल दिला. "कडक घाला. उद्या पाहुण्यांसमोर हे असं खाली अडून बसायला नको."

पैलवानाने हँडलच्या बिजागरीतली स्प्रिंग बदलली. आता हँडल खाली ओढून सोडले की फटकन वर जाई. साहेबांनी दोन-तीनदा करून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"उतरलं भूत," पैलवान म्हणाला. "चहा घेऊन येतो."

साहेब आपल्या खोलीत गेले. ती गाडीपाशी एकटी उरली. काम झाले होते आणि तिला घरी जायला हरकत नव्हती. पण ते हँडल ज्या तऱ्हेने वर गेले ते तिच्या मनातून जाईना. इतर दोन हँडले जात तसे ते गेले नव्हते. कुणाचा तरी हात झटकून टाकावा तसे गेले होते.

ती मागच्या डाव्या जागेवर जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतले.

आतून कार्यशाळेचे आवाज दूर गेले. नव्या प्लास्टिकचा वास येत होता. तिरक्या रेषेत समोर चालकाची रिकामी जागा होती. या जागेवरून ती बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. इथे बसणाऱ्याला रस्ता फारसा दिसत नाही, हे तिच्या आता ध्यानात आले; दिसते ती चालवणाऱ्याची मान, कानामागचे केस, खांदा. इतकी वर्षे सासूबाई रस्त्याकडे पाहून हळू म्हणतात असे ती धरून चालली होती.

तिने हँडल खाली ओढून धरले. मनगट आपोआप आत वळले. मधला आरसा कुणा उंच माणसासाठी लावलेला होता. त्यात तिचा चेहरा नव्हता, फक्त हँडल आणि ते धरलेला हात दिसत होता. हात तिचाच होता. अनामिका तेवढी उचललेली होती. तिने ती मिटून पाहिली, मिटेना. सरळ करून पाहिली, तेही जमेना. आकारच तसा आहे, तिने स्वतःला समजावले, मीच तो तसा केला आहे. मग तिला जाणवले की आपण हँडल धरले आहे यापेक्षा आपला हात धरला गेला आहे, असे म्हणणे जास्त खरे होईल.

घाबरून तिने हिसका दिला. काही झाले नाही. मग, का ते तिलाही सांगता आले नसते, तिने दुसरा दिला.

हँडलचा मागचा पाय छतातून निघून आला. आवाज झाला नाही. लोण्यातून सुरी निघावी तसा तो आला आणि हँडल पुढच्या एका पायावर तिरके लटकले, तिच्या कपाळापासून चार बोटांवर.

पैलवान चहा घेऊन आला तेव्हा ती विजेरी लावून भोकात पाहत होती.

"पुढचा चाप पुरता बसला होता," ती म्हणाली. "मागचा एका दातावर होता. या भोकाच्या कडेला रंग जाड आहे."

"आवाज तर आला होता. मी स्वतः ऐकला."

"पुढच्याचा आला असेल. आपण तो दोघांचा धरला."

पैलवानाने चहा जमिनीवर ठेवला. "म्हणजे ते वर जात नव्हतं..."

"एक पाय बाहेर, एक आत. बिजागरी वाकडी होऊन अडकत होती. ते सांगत होतं आपल्याला. आपण कडक स्प्रिंग घालून त्याचं तोंड बंद केलं."

हे स्पष्टीकरण पुरेसे होते, आणि ते मिळाल्याने तिला बरे वाटायला हवे होते.

साहेबांना पटायला वेळ लागला. "एका भोकात रंग साचला म्हणून सगळं थांबवायचं? उद्या माणसं येतायत. त्यांना काय दाखवू?"

"हेच. सुटलेलं."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? वर्षाचं काम आहे."

"माझंच आहे, साहेब. हिसका मीच काढून टाकला. रंग कुठेही साचेल. त्या गाडीला धडक बसली की पिशवी उघडेल आणि हे मागे बसलेल्याच्या डोक्यात जाईल. मागे कोण बसतं? म्हातारी माणसं, पोरं."

साहेबांनी पैलवानाला रंगवलेल्या सुट्या पत्र्यांवर हँडले बसवायला सांगितले आणि स्वतः डोळे मिटून ऐकत उभे राहिले. प्रत्येक वेळी टक् झाले. प्रत्येक वेळी साहेब म्हणाले, "बसलं." त्यांनी डोळे उघडून एकेक ओढून पाहिले तेव्हा त्यांतली काही हातात आली. हातात आलेले शेवटचे हँडल त्यांनी पत्र्यावर ठेवले. "कळवतो त्यांना," ते म्हणाले. "उद्या नको म्हणून."

नवे आरेखन व्हायला अनेक आठवडे गेले. दोन्ही चाप पुरते बसल्याखेरीज हँडल वर जाणारच नाही, बसवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताठ खाली राहील, अशी रचना तिने केली. जे चुकून झाले होते ते आता मुद्दाम घडणार होते. आणि पद्धतीत तिने हिसका परत घातला. एक नव्हे, दोन.

"कल्पना चांगली आहे," मंजुरीच्या दिवशी साहेब म्हणाले. "कुठून सुचली?"

"घरून," ती म्हणाली. साहेबांना तो विनय वाटला.

त्या संध्याकाळी नवरा तिला न्यायला आला. ती पुढचे दार सोडून मागचे डावे उघडू लागली.

"पुढे ये की. मी काय ड्रायव्हर आहे तुझा?"

"आज इथेच बसते."

घरची गाडी जुनी. तिची हँडले स्क्रूची. त्यांच्या स्प्रिंगा शाबूत होत्या, हे तिला पक्के माहीत होते, कारण मापे घ्यायला तिने ती स्वतः उतरवून परत बसवली होती. आणि तरीही ती आत बसली तेव्हा डोक्यावरचे हँडल खाली होते. ताठ. तिने ते धरले. कोमट होते.

"हळू," ती म्हणाली.

"अजून किल्लीसुद्धा फिरवली नाही मी," नवरा म्हणाला. "झालं. आली आई."

त्याने गंमत केली होती. ती हसली नाही. समोर त्याची मान दिसत होती, कानामागचे पिकायला लागलेले केस, खांद्यावरची शर्टाची सुरकुती. एवढ्या जवळून, आपल्या हातात काहीच नसताना, माणसाकडे बघत राहायचे तर काहीतरी घट्ट धरावेच लागते.

गाडी सुरू झाली. तिने सवयीने हँडल एकदा ओढून पाहिले, मग दुसऱ्यांदा. पक्के होते. ती हात सैल सोडणार इतक्यात हँडलने, तितक्याच बेताच्या जोराने, तिला ओढून पाहिले.

एकदा. आणि मग दुसऱ्यांदा.